इंग्रजीचा तास आणि मुलाचे मन



सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. पुस्तके आली, तक्ते आले. सहा वर्षांच्या बालकाच्या मनातील भीतीचा विचार मात्र फारच थोडा झाला.

एखादे मूल खुर्चीला 'इट' न म्हणता 'शी' म्हणते आणि वर्ग हसतो. वास्तविक मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी. मुलाने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे लावलेला असतो. जाणता शिक्षक त्याला उभे करीत नाही. 'येस, इट इज अ चेअर' असे सहज म्हणून तो पुढे जातो. हसणाऱ्यांना मात्र तेथेच थांबवितो.

सॅलोव्ही व मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणून जे मांडले, ते वर्गात असे दिसते. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी त्यापूर्वीच सांगितले होते, की भीती व संकोच यांचा पडदा आड आला म्हणजे कानावर पडलेली भाषा आत पोहोचत नाही. क्रॅशन यांची सर्वच मते विद्वानांना मान्य नाहीत. परंतु एवढे पटण्यास पदवी लागत नाही.

नवी भाषा ऐकणारे मूल पुष्कळदा काही काळ गप्प राहते. 'ओपन द डोअर' ऐकून ते दार उघडीत असेल, तर त्याचे शिक्षण चाललेले आहे. पाहुणे चहा घेऊन निघून जातात, मुलाचा संकोच मागे राहतो. तेव्हा त्यांच्यासमोर 'इंग्रजीत बोलून दाखव' हा आग्रह पालकांनी धरू नये.