मातृसंस्थेचें ऋण
(सिरसाळा येथें धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गेलेल्या वर्षांचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तें काम आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे; त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आमचें लक्ष मघांपासून पुढल्या रांगेंत बसलेल्या चार वृद्ध गृहस्थांकडे लागलें आहे, व आमचें आजचें बोलणें त्यांनाच धरून आहे.

हे चौघे एकाच कॉलेजांत, एकाच वर्गांत शिकले. त्यास पन्नासांवर वर्षें लोटलीं. एकानें शिक्षकी केली, एकानें वकिली, दोघांनीं शेती. धर्म व जात पाहिली तर चौघे एका पंक्तीचे नव्हेत. तरी दरसाल दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारीं ते एकत्र जमतात. पूर्वीं अकरा जण जमत, आतां चौघे उरले. चहापाणी होतें, गेलेल्यांचीं नांवें घेतलीं जातात, आणि मग एक पत्र्याचा डबा मध्यें ठेवतात. ज्याला जें जमेल तें त्यानें त्यांत टाकावें. कोणीं किती टाकलें हें कोणी पाहत नाहीं.

त्या डब्याचें काय होतें तें ऐका. आपल्या बीड जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन, कोयता उचलून, ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर, कोणी कर्नाटकांत. घरीं आजी राहते आणि कॉलेजांत जाणारें मूल राहतें. परीक्षेची फी भरावयाची वेळ नेमकी आईबाप दूर असतां येते. त्या वेळीं हे वृद्ध आपल्या कॉलेजांत जाऊन कचेरींत एवढेंच विचारतात, "यंदा कोणाची फी राहिली आहे?" त्यांच्या पैशानें कॉलेजला इमारत झाली नाहीं, कीं दगडावर त्यांचें नांव कोरलें गेलें नाहीं. पण कित्येक मुलें परीक्षेस बसलीं.

आतां आम्ही आमची एक चूक सांगतों. सेमिनरींतील आमच्या एका वर्गबंधूनें पंधरा वर्षांपूर्वीं आम्हांस पत्र लिहिलें होतें. "आपल्या वर्गाची यादी करूं, कोण कोठें आहे तें पाहूं, आणि सर्वांतर्फें संस्थेस कांहीं पाठवूं. तुझ्यापाशीं पत्ते आहेत, तेवढे धाड." पत्र वाचून आम्हांस आनंद झाला. ईस्टरनंतर उत्तर लिहूं, म्हणून तें आम्हीं प्रार्थनापुस्तकांत ठेविलें. ईस्टर गेला, पावसाळा गेला, नाताळहि गेला. पुढें त्या मित्राच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हां पत्र त्याच पानांत होतें. आम्हीं त्याच्याशीं वैर केलें नव्हतें. केवळ आळस केला. ती यादी आजवर पुरी झालेली नाहीं, कारण कांहीं पत्ते केवळ त्यालाच ठाऊक होते.

आमची सेमिनरी पुण्यास नगर रस्त्यावर आहे. पण तिचा जन्म पुण्याचा नव्हे. पोप तेरावे लिओ यांनीं ती 1893 सालीं सिलोनांत कँडी येथें स्थापिली. 1955 सालीं ती पुण्यास आली. आम्ही शिकत असतां कँडीस शिकलेले वृद्ध धर्मगुरु कधीं कधीं भेटीस येत. त्यांच्या तारुण्याची एकहि भिंत पुण्यांत नव्हती. ते डोंगर, तें मैदान, सारें समुद्रापलीकडे राहिलें होतें. तरी ते "आमची सेमिनरी" असेंच म्हणत, व आम्हां पोरांना जवळ बसवून कोण कोठून आलें, घरचें कसें आहे, हें विचारीत. मातृसंस्था म्हणजे भिंती नव्हेत, हें आम्ही त्यांच्यापासून शिकलों.

पुण्यासच येरवड्यास डेक्कन कॉलेजची दगडी इमारत आहे. सुटीच्या दिवशीं आम्ही तिकडे फिरावयास जात असूं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळीं, 1821 सालीं, विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा म्हणून ही संस्था सुरू झाली. पुढें सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीचा आधार मिळाला, व 1868 सालीं ती येरवड्यास येऊन डेक्कन कॉलेज झाली. टिळक व आगरकर यांचा स्नेह तेथेंच जडला. देशाच्या मुलांसाठीं शाळा काढावी, हा विचार त्या दोघांनीं विद्यार्थिदशेंतच केला. 1880 च्या जानेवारींत टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं न्यू इंग्लिश स्कूल उघडली, आणि आगरकर एम. ए. होऊन तिला येऊन मिळाले. सहाध्यायांच्या गप्पांतून काय उभें राहूं शकतें, याला याहून मोठा दाखला नको.

परंतु आम्हांस सांगावयाची आहे ती पुढची गोष्ट. जगभर आर्थिक मंदीचे दिवस होते. 1934 सालीं मुंबई सरकारनें हें कॉलेज बंद केलें. अशा वेळीं माजी विद्यार्थी हळहळतात, जुन्या आठवणी सांगतात आणि गप्प बसतात. डेक्कन कॉलेजचे माजी विद्यार्थी गप्प बसले नाहींत. त्यांचा संघ न्यायालयांत गेला. देणगी ज्या कार्यासाठीं मिळाली त्या कार्याशीं सरकार बांधलेलें आहे, असें त्यांनीं मांडलें. लढ्यास यश आलें, आणि 17 ऑगस्ट 1939 रोजीं संस्थेचीं दारें पुन्हां उघडलीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. उघडलें तें त्यांचें जुनें कॉलेज नव्हतें. बी. ए. चे वर्ग गेले होते; त्यांच्या जागीं पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांची संस्था आली होती. म्हणजे ज्यांनीं लढा दिला, त्यांना आपली तरुणपणची शाळा परत मिळाली नाहीं. पण त्याच नव्या संस्थेंत सांकलिया, कत्रे, इरावती कर्वे यांच्यासारखे विद्वान् आले. नेवासें व इनामगांव येथील उत्खननांनीं महाराष्ट्राच्या हजारों वर्षांपूर्वींच्या खेड्यांचें जीवन उजेडांत आणलें. संस्कृतच्या महाकोशाचें काम 1948 सालीं सुरू झालें, तें आजहि चाललें आहे. ज्या विद्यार्थ्यांचीं तोंडें ते कधीं पाहणार नव्हते, त्यांच्यासाठीं ते भांडले.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं पुष्कळांनीं परळीस, अंबाजोगाईस वा त्याहून दूर शिक्षण घेतलें असेल. कोणी गांवच्या शाळेपलीकडे गेले नसतील. त्यांची मातृसंस्था ती शाळा. आमची विनंति सर्वांना सारखीच आहे. आजच्या जेवणापूर्वीं आपल्या एका वर्गबंधूचें वा वर्गभगिनीचें नांव आठवा, आणि आजच रात्रीं त्यांची खुशाली विचारा. दोघे झालांत कीं तिसऱ्यास शोधा. मग संस्थेंत जा, आणि आपल्या वेळीं कसें होतें हें सांगण्यापूर्वीं, आज काय उणें आहे हें विचारा. देणें थोडें असो, पण दरसालचें असो.

त्या चौघांनीं आम्हांस परवां सांगितलें कीं, शेवटला उरेल त्यानें डबा कोणाच्या हवालीं करावा याची त्यांना चिंता आहे. ज्यांची फी त्या डब्यांतून भरली गेली, त्यांपैकीं कांहीं तरुण आज या मंडपांत आहेत. आम्ही त्यांचीं नांवें घेत नाहीं. त्यांनीं उठून त्या रांगेकडे जावें, एवढेंच म्हणतों.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.