यजमानपणाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा चिटणीसबाई हसल्या. "ऑलिंपिकचे नि आमच्या मंडळाचे काय नाते?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. खेळाडूंचे मला फारसे कळत नाही, धावण्याचे तर मुळीच नाही. मी बोलणार आहे ते यजमानांविषयी, आणि यजमानपण आपल्याला शिकवावे लागत नाही. घरात लग्न निघाले की भिंतींना रंग लागतो, उसनी भांडी येतात, कज्जेदलाल चुलत्याला चार दिवस गप्प बसण्याची विनवणी होते आणि रडके पोर आतल्या खोलीत जाते. पाहुणे जेवून जातात. मागे राहते ते सावकाराचे देणे, आणि आतल्या खोलीतले पोर का रडत होते याची गावभर चर्चा.

ऑलिंपिक भरवणाऱ्या देशांचेही असेच होते. कोणी किती पदके जिंकली हे दहा वर्षांनी फार थोड्यांना आठवते. यजमानाने काय झाकले होते ते मात्र शंभर वर्षे आठवते.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे १९३६ चे बर्लिन. या शहराला यजमानपद मिळाले १९३१ मध्ये, तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला नव्हता. तो आला १९३३ मध्ये. आमंत्रण एका घराने दिले आणि पाहुणे पोचेपर्यंत घराचा मालक बदलला, असा तो प्रकार. अमेरिकेत बहिष्काराची मोठी चर्चा झाली, पण अखेर संघ गेला. एकंदर ४९ देश गेले. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ज्यूंविरुद्धच्या पाट्या रस्त्यांवरून तात्पुरत्या उतरवल्या गेल्या. १६ जुलै रोजी शहरातील सुमारे ६०० जिप्सी लोकांना, बायकापोरांसकट, उचलून शहराबाहेर मार्त्सान येथील छावणीत नेऊन ठेवले. त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवण्यात आले.

याच दिवसांतली एका मुलीची हकिकत सांगते. ग्रेटेल बेर्गमान ही जर्मनीची ज्यू मुलगी. उंच उडी मारणारी. नाझी सत्तेवर येताच तिला तिच्या क्लबातून काढले, म्हणून ती इंग्लंडला गेली. मग ऑलिंपिक जवळ आले आणि 'आम्ही ज्यूंनाही संधी देतो' असे जगाला दाखवण्याची जर्मनीला गरज पडली. तिला परत बोलावले. घरच्यांवर संकट येईल या धाकाने ती आली. जून १९३६ मध्ये तिने १ मीटर ६० सेंटिमीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. नंतर काय झाले? अमेरिकेचा संघ जहाजात बसून निघाला, म्हणजे आता बहिष्काराचे भय सरले, आणि लगेच १६ जुलै या तारखेचे पत्र तिला गेले की तुझी कामगिरी पुरेशी नाही, तुला संघात जागा नाही. विक्रमही पुस्तकातून पुसला. जर्मन अ‍ॅथलेटिक्स संघटनेने तो परत तिच्या नावावर लिहिला २००९ मध्ये. ती तेव्हा पंच्याण्णव वर्षांची होती आणि अमेरिकेत राहत होती. २०१७ मध्ये ती वारली, १०३ वर्षांची होऊन. तिला नाकारणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही, तिचे नाव मात्र आज जळगावात घेतले जात आहे.

बर्लिनला आपलेही लोक गेले होते. ध्यानचंदच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात यजमान जर्मनीला ८-१ असे हरवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळीही गेली आणि त्यांनी कबड्डीसारखे आपले खेळ तिथे करून दाखवले. कबड्डी जगापुढे गेली याचा अभिमान आपण वाटून घेतो, पण ज्या अंगणात ती खेळली गेली त्या अंगणाची आठवण निघाली की जरा अवघडायला होते. पाहुण्यांचा यात काही दोष नाही. तरी यजमानाचा डाग थोडासा पाहुण्याच्या धोतरालाही लागतोच. आणखी एक गंमत पाहा. ग्रीसमधील ऑलिंपियाहून मशाल पेटवून धावत आणण्याची जी प्रथा आपण फार प्राचीन समजतो, ती सुरू झाली याच बर्लिनपासून.

आता त्याच वर्षातली आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. बर्लिनचा सोहळा ऑगस्टमध्ये आटोपला आणि डिसेंबरच्या अखेरीस यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवर ही अधिवेशने शहरांत भरत. खेड्यात भरलेले हे पहिलेच. पंडित नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरवायचे हा गांधीजींचा आग्रह. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल ते सामान वापरून सारे टिळकनगर सजवले. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी रक्ताचे पाणी केले. बर्लिनमध्ये लाखभर माणसांचे दगडी क्रीडागार, येथे केळीच्या मुलखात बांबूचे मांडव. मांडव उतरले, मागे दगड उरला नाही. उरला तो फैजपूरचा शेतीविषयक ठराव. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट द्या, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटना माना, असे त्यात होते. ज्या गावात अधिवेशन भरले त्या गावाचेच गाऱ्हाणे पाहुण्यांनी पंक्तीत बसून ऐकले, हे मला त्या यजमानपणाचे मोठे यश वाटते.

फैजपूर वादापासून सुटले असे मात्र नाही. ध्वज चढवताना तो मध्येच अडकला, तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत हा तरुण त्या उंच खांबावर सरसर चढला आणि त्याने ध्वज मोकळा केला. त्याच्या धाडसावर हक्क सांगणाऱ्या कहाण्या पुढे निरनिराळ्या राजकीय गोटांतून निघाल्या. चढला एक, उतरवून घेणारे अनेक! अधिवेशन आणि ऑलिंपिक एकाच तराजूत तोलावे असे मी म्हणत नाही. पण दोन्हींकडे घडलेली गोष्ट एकीकडे राहिली आणि नंतरच्या राजकारणाने तिला आपापले रंग दिले.

जर्मनीला बर्लिनचा डाग पुसायचा होता. म्हणून १९७२ मध्ये म्युनिकला हसतेखेळते ऑलिंपिक करायचे ठरले. गणवेशांचा आणि बंदुकांचा देखावा नको म्हणून पहारा मुद्दाम सौम्य ठेवला. ५ सप्टेंबरला पहाटे पॅलेस्टिनी हल्लेखोर खेळाडूंच्या वस्तीत शिरले, आणि त्या प्रकरणात इस्राएलच्या अकरा जणांचा बळी गेला. यजमानाचा हेतू चांगला होता, तरीही म्युनिकचे नाव घेतले की लोकांना ती रात्र आठवते.

देण्याघेण्याचे म्हणाल तर माँट्रियल. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडागाराचे कर्ज फिटले २००६ मध्ये, तेही तंबाखूवरच्या कराच्या आधाराने. तीस वर्षे! लेकीच्या लग्नाचे कर्ज नातीच्या लग्नापर्यंत फेडणारी घरे आपण पाहिलेली आहेत. उलट दाखलाही आहे. हेलसिंकीला १९४० चे ऑलिंपिक मिळाले होते, ते युद्धामुळे बुडाले. फिनलंडने १९५२ मध्ये ते भरवले आणि रशियाला द्यावयाची युद्धाची भरपाईही त्याच वर्षी पुरी केली. त्या साध्या, नेटक्या यजमानपणाविषयी वाईट बोलणारा क्वचितच सापडेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीतले कांस्यपदक मिळवले ते तिथेच. त्यांना तिथवर पोचवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, पण सरकारी सन्मानाचा अर्जुन पुरस्कार आला २००० मध्ये, मरणोत्तर.

सेऊलचे, म्हणजे १९८८ चे, मला दोन मनांनी पाहावे लागते. जगाचे डोळे लागलेले असल्याने तिथल्या लष्करी राजवटीला १९८७ च्या आंदोलनावर सैन्य सोडता आले नाही आणि निवडणुका मान्य कराव्या लागल्या. त्याच तयारीत गरिबांच्या वस्त्याही मोठ्या प्रमाणावर उठवल्या गेल्या.

आता आपल्याच घराकडे येते. ऑलिंपिक आपल्याकडे अजून झालेले नाही. पण ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तयारी रखडली, खर्च फुगला, आणि स्पर्धेला दोन आठवडे नसताना मुख्य क्रीडागाराजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला. रस्त्यावरचे भिकारी आणि झोपड्या पाहुण्यांच्या नजरेआड केल्या गेल्या. संयोजन समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी. एप्रिल २०११ मध्ये त्यांना अटक झाली. आर्थिक गैरव्यवहाराच्या एका प्रकरणात तपास बंद करण्याचा ईडीचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला, तो एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. अटकेची बातमी घरोघर पोचली होती. या निकालाची बातमी किती जणींनी वाचली? हात वर करा म्हणत नाही.

मला खरे दुःख आहे ते निराळेच. त्या स्पर्धेत भारताने १०१ पदके मिळवली. थाळीफेकीत कृष्णा पुनियाने सुवर्णपदक घेतले. मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलात मैदानी खेळांतले आपले सुवर्ण ते पहिलेच. त्याच थाळीफेकीची तिन्ही पदके भारतीय स्त्रियांनी घेतली. आणि दहा हजार मीटरच्या शर्यतीत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तिसरी आली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आदिवासी पाड्यावरची मुलगी, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली! 'दिल्लीचे राष्ट्रकुल' म्हटले की तुम्हाला काय आठवते? घोटाळा. घोटाळ्याची चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण यजमानांच्या भानगडीत पंक्तीतली सर्वांत कष्टाची पोर कोपऱ्यात गेली, आणि तिच्यावर तो अन्याय कुणी मुद्दाम केला नाही म्हणून कुणाला जाबही विचारता येत नाही.

हे सारे आज का सांगते? ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईला भरले होते, तेव्हा पंतप्रधानांनी २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरवण्याची इच्छा जाहीर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. अहमदाबाद आपल्याला परके नाही. जळगाव-धुळ्याकडची किती घरे पोटासाठी सुरतेला गेली आहेत, ते प्रत्येकीने आपल्या नात्यागोत्यात मोजावे. उद्या क्रीडागारे उठतील, तेव्हा विटा वाहायला आपल्यापैकीच कुणाची भावजय असेल. तिची मजुरी, तिचे छप्पर, तिच्या पोराची शाळा आणि ज्या जमिनीवर बांधकाम होईल तिथून उठणाऱ्यांची पुढची सोय यांविषयी विचारावयाचे ते आता, पाहुणे यायच्या आधी. विचारणाऱ्या बाईला कुणी 'अपशकुनी' म्हणेल. लग्नाच्या बैठकीत खर्चाचा आकडा विचारणाऱ्या सासूलाही तसेच म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि आपल्यापैकी ज्या भगिनींचे जाणे होईल त्यांना एकच विनंती. उद्घाटनाच्या रोषणाईचे तिकीट महाग असेल, ते राहू द्या. मुलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचे घ्या, आणि तिसऱ्या आलेल्या मुलीचे नाव व गाव वहीत लिहून आणा. पुढच्या स्मरणिकेत आपण ते छापू.