मागचं पुसायचं की मऊ करायचं?

आज आम्ही फोटोबद्दल बोलणार आहोत. त्यातही फोटोतल्या ज्या भागाकडे आपण सहसा बघत नाही, त्या मागच्या धूसर भागाबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांचा याच्याशी काय संबंध? तो कसा आला, तेच आधी सांगतो.

आमच्या गटात गोधड्या शिवल्या जातात. गेल्या दिवाळीआधी आम्ही ठरवलं, की मोबाइलवर पाठवायला गोधड्यांचं एक छोटं माहितीपत्रक करायचं. प्रत्येक गोधडीसोबत ती शिवणाऱ्या बाईचाही फोटो टाकायचा. फोटो काढायला गेलो तर जी ती म्हणे, "ताई, मागचं नको हं दिसायला." कुणाच्या भिंतीचा गिलावा पडलेला, कुणाकडे पत्र्याची शेड, कुणाच्या दोरीवर कपडे वाळत घातलेले. म्हणून आम्ही मोबाइलमधली मागचं धूसर करायची सोय वापरली. एक बोट लावलं की भिंत गायब! सगळ्या खूश.

मग ते फोटो आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना दाखवले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अगं, माझी सुई कुठं गेली?"

खरंच, सुई नव्हती. दोराही बोटांपासून थोडा पुढे जाऊन हवेतच विरला होता. त्याचं कारण असं, की मोबाइलची लेन्स अगदी चिमुकली. तिला दोनचार हात दूर बसलेल्या माणसामागचं आपोआप फारसं धूसर करता येत नाही. मग मोबाइलमधला प्रोग्रॅम अंदाज बांधतो, की माणूस कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली. त्या अंदाजाने तो मागचं पुसतो. केसांच्या बटा, दोरे, कापडाची झालर अशा बारीक गोष्टींत तो चुकतो. आजींचं उभ्या आयुष्याचं काम त्या सुईवर झालेलं, आणि तीच आम्ही भिंतीबरोबर पुसून टाकली होती.

बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, की त्यांच्या सासऱ्यांचा पूर्वी तालुक्याला फोटो स्टुडिओ होता आणि त्यांचा जुना रशियन कॅमेरा अजून कपाटात आहे. काकांनी तो काढून दिला. कॅमेरा झेनिट, आणि त्याची लेन्स हेलिओस 44-2. "रोल आता कुठून आणणार?" काका म्हणाले, "पण लेन्स काढून नव्या कॅमेऱ्याला लावता येते बघा." आमच्या एका ताईंच्या मुलीकडे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा होता. मधे बसवायची धातूची कडी मागवली आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसली.

काकांनी या लेन्सची हकिगतही सांगितली. तिचं मूळ रशियातलं नाही, जर्मनीतलं. येना शहरातल्या त्साइस कारखान्यात 1930 च्या दशकात बिओटार नावाची 58 मिलिमीटरची लेन्स तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर येना सोव्हिएत ताब्यात आलं आणि तिथली यंत्रं नि विद्या रशियात गेली. त्याच रचनेवरून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात 1958 च्या सुमारास हेलिओस 44 बनू लागली. पुढे ती लाखोंनी बनली.

अशा लेन्सना वेगवान म्हणतात, कारण त्यांचं छिद्र मोठं. भरपूर उजेड आत येतो आणि फोटो झटकन निघतो. आमच्या लेन्सचा सगळ्यात लहान आकडा 2. म्हणजे 58 भागिले 2, छिद्र 29 मिलिमीटरचं, दहाच्या नाण्याहून थोडं मोठं. आकडा 16 वर नेला की तेच छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. आकडा लहान तेवढं भोक मोठं, एवढं लक्षात ठेवा. भोक मोठं असलं की जिथे नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं विरघळतं. मागे पानांतून डोकावणारा उजेडाचा एकेक ठिपका फुगून चकतीसारखा होतो.

या धूसरपणाच्या रूपाला जपानी भाषेतला शब्द आहे, बोके. हे ऐकून बैठकीत जो हशा पिकला! "आमच्या घरी दोन आहेत," एक काकू म्हणाल्या. गंमत म्हणजे फोटोच्या कडेला या चकत्या गोल राहत नाहीत, डोळ्यासारख्या चपट्या होतात. त्यांना फोटोग्राफर मांजराचे डोळेच म्हणतात.

असं का होतं, ते घरी करून बघा. दोन बांगड्या चार बोटांच्या अंतरावर एकीमागे एक धरा. समोरून पाहिलं तर आरपार गोल दिसेल. जरा तिरकं पाहा. एकीची कड दुसरीच्या आड येते आणि मधली मोकळी जागा डोळ्याच्या आकाराची होते. लेन्सच्या नळीतही पुढची कड आणि मागची कड असते. कडेचा उजेड तिरका येतो, म्हणून त्याची चकती कापली जाते. हे डोळे फोटोच्या मध्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. त्यात या जुन्या रचनेत कडेचं चित्र थोडं ताणलंही जातं. म्हणून हेलिओसच्या फोटोत माणसामागे भोवरा फिरल्यासारखा दिसतो.

हिशेबाने पाहिलं तर हा दोषच. 1840 साली व्हिएन्नात पेट्झवाल यांनी माणसांच्या फोटोंसाठी वेगवान लेन्स आखली, ती लोकांना मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागू नये म्हणून. तिच्या कडेलाही असाच भोवरा येतो. तो मुद्दाम कुणी घातलेला नव्हता. आज मात्र लोक त्यासाठीच जुन्या लेन्स शोधतात.

आता आमची चूक सांगतो. हौसेच्या भरात आम्ही गोधड्यांचे फोटोही 2 आकड्यावर काढले. मधले वीतभर टाके स्पष्ट, बाकी गोधडी धुक्यात. ते पाहून एका दुकानदाराने कळवलं, की कडेची शिलाई दिसत नाही, आधी ती दाखवा, मग वीस नगांचं बघू. सगळे फोटो आठ आकड्यावर पुन्हा काढले, तेव्हा कुठे ऑर्डर मिळाली. विकायचा माल आहे तिथे धूसरपणा नको. गिऱ्हाइकाला टाका न् टाका दिसला पाहिजे.

माणसाचा फोटो मात्र 2 वर घ्या. त्याला मधोमध बसवा, कारण जुन्या लेन्सच्या कडा मऊ असतात. आपण चार फुटांवर, आणि मागे पंधरावीस फुटांवर झाड, संध्याकाळचं ऊन पानांतून येत असलेलं. कोऱ्या भिंतीवर भोवरा दिसत नाही. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान आहे, त्यामुळे कडा कापल्या जातात आणि भोवरा सौम्य येतो. लेन्सची कडी हाताने फिरवून डोळ्यांवर नेम धरायचा, घाई करायची नाही. जुनी लेन्स घेताना आत बॅटरीचा उजेड पाडून बुरशीची जाळी आहे का बघा. पावसाळ्यात ती ओलसर कपाटात ठेवू नका, आणि उन्हात उघडी तर कधीच नको.

आजींचा फोटो आम्ही त्यांच्याच अंगणात पुन्हा काढला. सुई स्पष्ट आली, दोराही आला. मागे कडुनिंब, त्याच्या पानांत उजेडाचे डोळे, आणि एका बाजूला पत्र्याच्या शेडची करडी सावली. आम्ही भीतभीतच विचारलं, "आजी, शेड थोडी दिसतेय, चालेल?"

त्या म्हणाल्या, "दिसू दे की. चाळीस वर्षं तिथंच बसून शिवलंय मी."

माहितीपत्रकात पहिल्या पानावर तोच फोटो आहे. त्यानंतर भिंत लपवा असं म्हणणाऱ्या दोघीतिघी स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, आमचाही घरासकट काढा. येत्या रविवारी त्यांची पाळी आहे.

तुमच्याही घरी कपाटात असा जुना कॅमेरा असेल, तर तो भंगारात घालण्याआधी एकदा लेन्स काढून बघा.