रक्त साकळतं कसं, आणि कधी साकळत नाही



गवत कापताना विळा लागला नाही असं बोट आपल्यात सापडायचं नाही. विळा लागतो, रक्त येतं, आपण बोट दाबून धरतो, धोतराचा नाहीतर पदराचा काठ गुंडाळतो आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा कामाला लागतो. रक्त आपोआप थांबलं, एवढंच आपण म्हणतो. आज या आपोआप थांबण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण रक्त न थांबण्याची दोन कारणं आपल्या शेता-घरातच दबा धरून बसलेली आहेत. एक बांधावर आणि दुसरं धान्याच्या कणगीपाशी.

पाटाला भगदाड पडलं तर आपण काय करतो? आधी वरून पाणी कमी करतो. मग हाताला येतील ती ढेकळं भगदाडात टाकतो. पण नुसती ढेकळं वाहून जातात, म्हणून त्यांच्यात पेंढा, काटक्या कोंबून वर चिखल लिंपतो. शरीरही याच क्रमानं काम करतं. कापल्याबरोबर रक्तवाहिनी आकसते, म्हणजे पाणी कमी झालं. मग येतात ढेकळं. यांना बिंबिका किंवा प्लेटलेट्स म्हणतात. डेंगीच्या तापात डॉक्टर 'पेशी कमी झाल्या' म्हणतात, त्या याच. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा रक्ताच्या थेंबात त्या दीड ते साडेचार लाख असतात. हाडांच्या मगजात तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. एरवी त्या रक्ताबरोबर गुमान वाहत असतात, कारण रक्तवाहिनीचं अस्तर गुळगुळीत असतं. अस्तर फाटलं की आतला खरखरीत भाग उघडा पडतो. त्याला त्या चिकटतात, आणि एकीला दुसरी चिकटत जाते.

आता पेंढा. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं एक प्रथिन विरघळलेलं असतं. ते यकृत तयार करतं. जखम झाली की या प्रथिनाचे बारीक धागे बनतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. दुधाचं दही होताना नवीन काही वरून पडत नाही, दुधात होतं तेच घट्ट होतं, तसंच हे. त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, की झाली गुठळी. यालाच आपण रक्त साकळलं म्हणतो. काही वेळानं गुठळी आवळते आणि दह्यावर निवळी सुटावी तसं पिवळसर पाणी सुटतं. ते पाणी म्हणजे पू नव्हे, घाबरू नये.

जाळं सुरुवातीला फार नाजूक असतं. म्हणून जखम स्वच्छ फडक्यानं दाबली की दहा मिनिटं हात काढू नये. आपली खोड अशी की दर मिनिटाला फडकं उचलून 'थांबलं का?' बघायचं. त्यात जाळं तुटतं आणि काम पहिल्यापासून सुरू होतं. माती, शेण, चुना, तंबाखू काही भरू नका. त्यानं धनुर्वात होण्याची भीती. कोयत्याचा घाव खोल असेल आणि लालभडक रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर जोरानं दाबून धरा आणि दाबूनच दवाखान्यात न्या.

आता प्रश्न असा, की दह्याला विरजण लागतं, तसं इथलं विरजण कुठलं? रक्तातली डझनभर द्रव्यं एकामागून एक जागी होतात. विहिरीचं खोदकाम चालू असताना मातीच्या पाट्या हातोहात वर जातात ना, तसंच. मधला एक गडी नसला की सगळं खोळंबतं. शास्त्रज्ञांनी या द्रव्यांना १ ते १३ क्रमांक दिलेत. त्यातला ६ क्रमांक मात्र रिकामा आहे. ते वेगळं द्रव्य नव्हतंच, असं मागाहून ध्यानात आलं! यांपैकी २, ७, ९ आणि १० ही चार द्रव्यं यकृतात नीट तयार व्हायला 'के' जीवनसत्त्व लागतं. मेथी, पालक अशा हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असतं. नवजात बाळाच्या अंगात ते फार थोडं असतं, म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला त्याचं इंजेक्शन देतात. सुईला भिऊन ते टाळू नका.

या 'के' जीवनसत्त्वाची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि ती गुरांचीच आहे. १९२० च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं पटापट मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. कुणाला वाटलं साथ आली. पण साथ नव्हती. स्वीट क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं गवत ओलं राहून बुरसलेलं होतं आणि तेच गुरांना घातलं जात होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि न साकळलेल्या रक्तानं भरलेली दुधाची बरणी घेऊन, बर्फाच्या वादळात विद्यापीठात पोचला. तिथं कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञानं काम हाती घेतलं आणि सहा-सात वर्षं खपून चाऱ्यातलं विष शोधून काढलं. हे विष 'के' जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं. त्याच जातीचं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं, आणि पुढं १९५४ मध्ये माणसांचं औषध झालं. आपल्या गावात कुणी हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर 'रक्त पातळ करायची गोळी' घेत असेल, तर ती बहुधा याच घराण्यातली. अशा माणसानं दात काढायच्या आधीसुद्धा डॉक्टरला गोळी दाखवावी.

कणगीपाशी बसलेलं कारण ते हेच. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आपण उंदरांसाठी ठेवतो, त्या वॉरफरिनच्याच वंशातल्या, पण कितीतरी जहाल. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्तात आधीची द्रव्यं शिल्लक असतात, ती संपेपर्यंत तो हिंडतो आणि तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्रावानं मरतो. माणसाचंही असंच होतं. पोरानं वडी चघळली आणि दुसऱ्या दिवशी ते खेळतंय, म्हणजे धोका टळला असं समजू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि औषधाचं पाकीट बरोबर घ्या. 'के' जीवनसत्त्व हा त्याचा उतारा आहे. तो बरेच दिवस चालू ठेवावा लागतो. झिंक फॉस्फाईडची गोष्ट निराळी, त्याला हा उतारा चालत नाही. म्हणून पाकीट हवंच. मेलेले उंदीर उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा, नाहीतर कुत्रं-मांजर खाऊन मरेल.

आता बांधावरचं कारण. घोणस उसात, भातात, गवताच्या गंजीत असते. फुरसं कोकणात, कातळावर, दगडाखाली. दोन्ही चावल्यावर रक्त साकळेनासं होतं, पण उंदराच्या औषधासारखं नव्हे. रीत अगदी उलटी आहे. विष साकळण्याला अडवत नाही, ते साकळणं सगळीकडे एकदम सुरू करून देतं! खोट्या मुकादमानं हाळी द्यावी आणि गड्यांनी नको तिथं सगळा पेंढा भरून टाकावा, तसं. फायब्रिनोजेन काही तासांत संपून जातं. मग खऱ्या भगदाडाला पेंढा उरत नाही. चावल्या जागेतून रक्त झिरपत राहतं, हिरड्यांतून येतं, लघवी लाल होते. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडंही निकामी होतात.

म्हणून सांगतो, चावल्या जागी ब्लेड मारू नका. माझ्यासमोर एक तरणा गडी आणला होता. दाताच्या खुणा दोनच, पण ब्लेडच्या चिरा नऊ, आणि नवाही चिरांतून रक्त चाललेलं. विष बाहेर येत नाही, रक्त तेवढं जातं. दोरीनं आवळूनही बांधू नका. ताक, जडीबुटी, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हात-पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. वाटेत दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्यानं बिंबिकाही निकामी होतात.

दवाखान्यात डॉक्टर शिरेतून थोडं रक्त काढून काचेच्या कोरड्या बाटलीत ठेवील आणि घड्याळ बघत बसेल. नातेवाईक चिडतात, 'माणूस मरतोय आणि हा बाटलीकडे बघतोय!' चिडू नका. वीस मिनिटांनी बाटली कलती करायची. गुठळी झाली असली तर तूर्त रक्त ठीक; पातळ वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. बाटली काचेचीच लागते, कारण काचेला लागून साकळणं सुरू होतं, प्लॅस्टिकला तसं होत नाही. मधेच कुणी हलवून बघू नये. पहिल्यांदा गुठळी झाली तरी काही वेळानं हीच तपासणी पुन्हा करतात. आणि एक ध्यानात ठेवा, नाग आणि मण्यार यांच्या विषानं रक्त साकळायचं थांबत नाही, श्वास थांबतो. म्हणून पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर बाटलीत गुठळी असली तरी डॉक्टर लस देतात.

ही लस घोड्यांच्या रक्तापासून करतात आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालते. ती विषाला निकामी करते, पण संपलेलं फायब्रिनोजेन काही परत आणत नाही. ते यकृतानंच नव्यानं करायचं, आणि त्याला सहा तासांच्या आसपास लागतात. म्हणून लस दिल्यावर सहा तासांनी बाटलीची तपासणी पुन्हा होते, आणि रक्त अजून पातळ असेल तर लस पुन्हा देतात. पहिल्या बाटल्या चढल्यावर रुग्णाला हुशारी वाटते, तो उठून बसतो, चहा मागतो, आणि घरची मंडळी म्हणतात, चला, गाडी आहे तोवर जाऊ. त्या वेळी डॉक्टरला एवढंच विचारा, 'साहेब, दुसरी बाटली साकळली का?' साकळली नसेल तर गाडी परत पाठवून द्या.