स्तनाचा कर्करोग : घराण्यातून किती, जगण्यातून किती
(हळदीकुंकवाच्या कार्यक्रमानंतर मंदिराच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि आता हा विषय, म्हणजे काहींना अवघडल्यासारखं होईल. मागच्या रांगेतल्या पुरुषमंडळींनी उठून चहाकडे जाऊ नये. त्यांच्यासाठीही यात आहे.

मी इथे ब्रिटनमध्ये बरीच वर्षं जीपी म्हणून काम केलं. आपल्या बायका माझ्याशी गुडघ्यांबद्दल, साखरेबद्दल भरपूर बोलायच्या आणि निघताना दाराच्या कडीला हात लावून म्हणायच्या, "डॉक्टर, छातीत जरा गाठीसारखं लागतंय, पण दुखत नाही हो." दुखत नाही म्हणून कित्येक महिने पदराखाली ठेवलेली. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे आधीच सांगून टाकते.

निदान झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" यावर मी इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लिहून ठेवलं की स्तनाचा कर्करोग मठांतल्या जोगिणींमध्ये जास्त दिसतो. सगळं आयुष्य देवाच्या सेवेत घालवलेल्या बायका! तेव्हा पापपुण्याचा हिशेब इथे लागत नाही, एवढं मनात धरा.

जोगिणींनाच का, याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. 1896 मध्ये ग्लासगोचे सर्जन बीटसन यांनी रोग बळावलेल्या काही स्त्रियांची बीजकोशं काढली आणि छातीतल्या गाठी लहान झाल्या. बीजकोशांचा आणि स्तनाचा काहीतरी धागा आहे, हे त्यातून दिसलं. मग 1926 मध्ये याच देशात डॉ. जॅनेट लेन-क्लेपॉन या बाईंनी कर्करोग झालेल्या 500 आणि न झालेल्या 500 स्त्रियांची तुलना केली. लग्न उशिरा झालेल्या, मुलं कमी असलेल्या आणि अंगावर कमी पाजलेल्या बायकांत रोग अधिक होता. कारण असं की, पाळी सुरू झाल्यापासून जाईपर्यंत दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन स्तनातल्या पेशींना वाढायला सांगतात. पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा चूक व्हायची संधी. न्हाण लवकर आलं, पाळी उशिरा गेली, मूल झालं नाही, की हे महिने वाढतात. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांनी धोका काहीसा कमी होतो.

आपल्याकडचंच उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात 1987 पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. मुंबईतली नोंद त्याहून जुनी. दोन्हीकडे मराठी बायका, तरी स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईत बार्शीपेक्षा बरंच जास्त. शहरात लग्नं उशिरा, मुलं कमी, खाणं सढळ, चालणं कमी. जपानहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतही हेच दिसलं. पिढी बदलली तसा धोका तिथल्या बायकांसारखा होत गेला. म्हणजे आपल्या लेकी आणि नाती इथल्याच हिशेबात धरायच्या. आणि इथला हिशेब असा की, साधारण सात बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी हा रोग होतो.

म्हणून मुलीला "लवकर लग्न केलं असतंस तर" असं कृपा करून सुनावू नका. हे आकडे हजारो बायकांचे असतात, एकीचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. त्यापेक्षा आपल्या हातात काय आहे ते बघा. पाळी गेल्यावर बीजकोशं थंडावतात, पण शरीरातली चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते. त्यामुळे साठीनंतरचं पोटावरचं वजन ही नुसती साडीची अडचण नाही. दारूने धोका वाढतो, थोड्या दारूनेसुद्धा. पाळी जाताना घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांपैकी दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळ्यांनी धोका थोडा वाढतो, हे 2002 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. ज्या घेत असतील त्यांनी घाबरून मनानेच बंद करू नयेत, जीपीशी बोलावं. डिओडरंट आणि घट्ट ब्रा यांनी कर्करोग होतो, हे व्हॉट्सअॅपवर फिरतं. त्याला भक्कम पुरावा नाही.

आता घराण्याचं. शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींनाच हा रोग थेट एखाद्या बिघडलेल्या जनुकातून येतो. बाकीच्यांच्या घरात तसा काही वारसा नसतो, म्हणून "आमच्याकडे कुणाला नाही" यात फारशी हमी नाही. पण ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी गोष्ट गंभीर. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर अशा एका जनुकाची जागा दाखवली. त्याला बीआरसीए-1 म्हणतात. पाठोपाठ बीआरसीए-2 सापडलं. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते बिघडलं तर शंभरातल्या साठ-सत्तर बायकांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो, बीजकोशाचाही धोका वाढतो.

पुरुषमंडळींनो, हे जनुक बापाकडूनही येतं. मुलगा असो वा मुलगी, वारशाची शक्यता निम्मी. तुमच्या आईची, बहिणीची हकीकत तुमच्या लेकीच्या कामाची आहे. शिवाय क्वचित पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

इथे आपण वडीलधारे कामाला येतो. जीपी नातीला विचारते, घरात कुणाला? नात म्हणते, माहीत नाही. कसं असणार? आपणच "आत्या पोटात पाणी होऊन गेली" एवढं सांगून विषय मिटवलेला. पोटात पाणी होण्याची कारणं अनेक, पण बीजकोशाचा कर्करोग त्यातलं एक आहे. आपल्याकडे लग्न मोडेल म्हणून हे रोग झाकले गेले. आता ती लग्नं होऊन नातवंडं झाली! कुणाला, कोणत्या वयात, कुठला रोग, हे माहेर-सासर दोन्हीकडचं एका कागदावर लिहून मुलांना द्या. पन्नाशीच्या आत झालेला, दोन्ही स्तनांत झालेला, पुरुषाला झालेला, बीजकोशाचा, असं काही निघालं तर मुलांनी तो कागद जीपीला दाखवावा. गरज वाटली तर जीपी जेनेटिक्स क्लिनिककडे पाठवतात.

आणि वय. इथे दहातल्या आठ केसेस पन्नाशीपुढच्या असतात. मॅमोग्रामचं बोलावणं 50 ते 71 या वयात दर तीन वर्षांनी येतं, मग थांबतं. पत्र थांबलं म्हणजे धोका टळला असं नाही. 71 नंतरही दर तीन वर्षांनी स्वतः स्क्रीनिंग युनिटला फोन करून वेळ मागता येते, पैसे पडत नाहीत. तपासणी करणाऱ्या बायकाच असतात. गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, यांपैकी काही दिसलं तर मात्र स्क्रीनिंगची वाट न पाहता थेट जीपीकडे जा.

फोनवर इंग्रजी बोलायला संकोच वाटतो किंवा न्यायला कुणी नाही, अशा ज्येष्ठ भगिनींसाठी ट्रस्टच्या सेवा समितीला गाडी चालवणारे आणि सोबत बसणारे स्वयंसेवक हवे आहेत. बायका असल्या तर उत्तम. चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे. ज्यांना मदत हवी त्यांनी डाव्या पानावर नाव लिहा, ज्यांना करायची आहे त्यांनी उजव्या. नाव लिहायचं नसेल, तर चहा पिताना माझ्या कानात सांगा.