प्रिंटर घेण्यापूर्वी



घरात कॉम्प्युटर आला, की थोड्याच दिवसांत पोरं प्रिंटर मागू लागतात. कॉम्प्युटरवरचा मजकूर कागदावर छापून देणारे हे यंत्र. सातबारा, मुलांचे अर्ज, बचत गटाचा हिशेब, सगळे घरीच छापता येते. पण कोणता प्रिंटर घ्यावा?

घरात बहुधा शाईचा प्रिंटर घेतात. त्याला इंकजेट म्हणतात. त्यात केसाहून बारीक भोके असतात. त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. शाई चार रंगांची असते. काळी, आकाशी, किरमिजी आणि पिवळी.

याचे दोन प्रकार आहेत. एकात शाईची छोटी डबी बसवतात. तिला कार्ट्रिज म्हणतात. ती संपली की नवी आणायची. दुसऱ्या प्रकारात शाईच्या टाक्या असतात. त्यांत बाटलीने शाई ओतायची. डबीचे यंत्र स्वस्त, टाकीचे महाग.

आम्ही स्वस्त ते आणले. नातीने शाळेसाठी रंगीत चित्रे छापली. आठवड्यात रंग संपले. रंगीत डबीत तीन रंग एकत्र असतात. एक संपला तरी सगळी डबी बदलावी लागते. दोन नव्या डब्यांची किंमत ऐकली, तर ती यंत्राच्या निम्मी! जन्मभर पोरांना त्रैराशिक शिकवलं, आणि दुकानात आम्हीच ते विसरलो. पाण्याचे इंजिन घेताना ते तासाला किती तेल खाते, हे आपण विचारतो. इथे विचारलेच नाही.

तो हिशेब आता करू. समजा, डबी ९०० रुपयांची आहे आणि तिच्यात १२० पाने निघतात. म्हणजे एका पानाला साडेसात रुपये पडले. समजा, बाटली ४०० रुपयांची आहे आणि तिच्यात ४००० पाने निघतात. म्हणजे पानाला दहा पैसे. महिन्याला १०० पाने छापली, तर टाकीच्या यंत्रावर ७४० रुपये वाचतात. ते यंत्र ७००० रुपयांनी महाग असले, तरी दहा महिन्यांत पैसे फिटतात.

पण महिन्याला दहाच पाने लागत असतील तर? मग ७००० रुपये फिटायला आठ वर्षे जवळजवळ लागतील. तेव्हा प्रिंटर घेऊच नका. गावातल्या सेवा केंद्रात पैसे देऊन पान छापून आणा. कारण न वापरलेली शाई भोकांत वाळते. उन्हाळ्यात तर लवकरच वाळते. ती साफ करायलाही शाईच खर्च होते. घरी प्रिंटर असला, तर आठवड्याला एक तरी रंगीत पान काढावे. यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे, भिंतीवरच्या नव्हे. बटणाने बंद केले, म्हणजे भोके झाकली जातात. टाकीतली शाई खुणेखाली जाऊ देऊ नये.

आणखी एक. बिघाड झाला तर दुरुस्ती तालुक्याला होते, की जिल्ह्याला जावे लागते, हे घेतानाच विचारा. आम्ही पुढे टाकीचे यंत्र घेतले, आणि हेच विचारायचे राहिले. दोनदा एसटीने जिल्ह्याला गेलो. शाई सांडू नये म्हणून सारी वाट ते मांडीवर सपाट धरून बसलो होतो.