ओहमचा नियम आणि अंगणातला कूलर



रायपुरात मार्च सरत आला की घरोघरी कूलर पुसूनपासून बाहेर काढले जातात. पत्र्याची पेटी, आत पाणी, 230 व्होल्टचा पुरवठा आणि ओल्या फरशीवरची अनवाणी पावले! इतके प्रतिकूल योग एकत्र आणणारे दुसरे उपकरण घरात क्वचितच आढळेल. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपणारा ओहमचा नियम येथे प्राणांशी गाठ घालतो.

जॉर्ज सायमन ओहम हा एका कुलूपकाराचा मुलगा आणि कोलोनच्या शाळेतील शिक्षक. त्या काळचे विद्युतघट लहरी. त्यांचा दाब सारखा बदलत असे. म्हणून त्याने दोन धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला आणि निरनिराळ्या लांबीच्या तारांतून धारा मोजली. 1827 मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. मायदेशी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र 1841 मध्ये त्यास कोपले पदक दिले.

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. 230 व्होल्टवर हजार वॅटची इस्त्री सुमारे 4.35 अँपिअर धारा घेते, म्हणजे तिचा रोध सुमारे 53 ओहम. जुन्या शंभर वॅटच्या दिव्याचा रोध याच रीतीने 529 ओहम येतो. पण विझलेला दिवा मीटरवर तपासला तर तो 40 च्या आसपासच दिसतो. यात गणिताची चूक नाही. तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि हिशेब तापलेल्या तारेचा असतो.

आता माणसाचे शरीर. ओल्या त्वचेचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. वाटेत दुसरा अडथळा नाही असे धरल्यास 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. शक्ती अवघी 53 वॅट, त्या जुन्या दिव्याच्या निम्मी. परंतु हृदयाची लय बिघडवण्यास ती धारा पुरेशी आहे. सहा अँपिअरच्या एमसीबीला तर तिची दखलही लागत नाही, कारण ती वायरीच्या रक्षणासाठी असते. माणसासाठी वेगळे साधन लागते: 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी.

मग अर्थिंग कशासाठी? समजा, कूलरच्या पत्र्याला आतली तार चिकटली. परतीच्या वाटेचा एकूण रोध दोन ओहम असेल तर 115 अँपिअर धारा धावते आणि एमसीबी तत्क्षणी पडते. पण मे महिन्यात जमीन भेगाळते, कोरड्या मातीचा रोध वाढतो. तो शंभर ओहम झाला तर धारा 2.3 अँपिअरच. एमसीबी स्वस्थ, कूलर सुरू, आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट उभे! घरातल्या कुणाला सुगावाही लागत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतण्याची जुनी रीत याच शंभराचे आकडे खाली आणण्यासाठी आहे. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसवलेले असेल तर आत दाब तसाच राहतो. आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबताच पुरवठा तुटला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलावावे.